मोडण्यातून सावरणारी पेशी : ऑटोफॅजीच्या अभ्यासाची प्रस्तावना

‘ऑटोफॅजी’ हा शब्द मराठी घरांत पोहोचला तो बहुधा उपवासाच्या वाटेने. सोळा तास पोट रिकामे ठेवा, म्हणजे पेशी आपली आपण साफसफाई करतात आणि याच शोधाला नोबेल मिळाले आहे, अशा आशयाचा मजकूर अनेकांच्या फोनवर येऊन गेला असेल. त्या मजकुरात तथ्य थोडे आहे आणि घाई फार आहे. मात्र ज्या विषयाकडे तो बोट दाखवतो, तो विषय आजच्या पेशीविज्ञानातल्या सर्वांत समृद्ध विषयांपैकी एक आहे. ज्यांनी हा शब्द केवळ ऐकला आहे आणि ज्यांच्या मनात त्याबद्दल थोडे कुतूहल जागे झाले आहे, अशा वाचकांसाठी ही प्रस्तावना आहे. शाळेत शिकलेले जीवशास्त्र पुसटसे आठवत असले तरी येथे पुरेसे आहे.

ऑटोफॅजी म्हणजे पेशीने स्वतःचाच काही अंश वेगळा काढून पचवणे. हे ऐकताना रोगाचे किंवा ऱ्हासाचे लक्षण वाटते, पण वस्तुस्थिती उलट आहे. यीस्टच्या एका पेशीपासून माणसाच्या मेंदूपर्यंत हे काम अखंड चालू असते आणि ते थांबले की पेशी आजारी पडते. जगणे म्हणजे जितके घडवणे, तितकेच मोडणे. आणि मोडण्याचे काम घडवण्याइतकेच नेमकेपणाने करावे लागते, हे या अभ्यासक्षेत्राचे सार आहे.

हे सार उमगायला विज्ञानाला वेळ लागला, याला कारण आहे. विसाव्या शतकातील जीवशास्त्राचे बहुतेक गाजलेले विजय घडवण्याच्या बाजूचे होते. १९५३ मध्ये डीएनएची रचना समजली. पुढच्या दशकात जनुकीय संकेत उलगडला आणि त्या कामासाठी हरगोविंद खुराना यांना १९६८ चे नोबेल विभागून मिळाले. प्रथिने बांधणाऱ्या रायबोसोमच्या रचनेसाठी २००९ मध्ये वेंकटरमण रामकृष्णन यांच्यासह तिघांचा गौरव झाला. प्रथिन कसे तयार होते, हा प्रश्न इतका तेजस्वी होता की तयार झालेल्या प्रथिनाचे पुढे काय होते, हे विचारायला फार थोडे लोक थांबले.

जे थांबले, त्यांत रुडॉल्फ शोनहायमर यांचे नाव अगत्याने घ्यायला हवे. १९३० च्या दशकात कोलंबिया विद्यापीठात त्यांनी नायट्रोजनचा जड समस्थानिक असलेली अमिनो आम्ले उंदरांना खाऊ घातली आणि ती शरीरात कुठे जातात याचा माग काढला. प्रौढ शरीर म्हणजे एकदा बांधून झालेली वस्तू, अशी तोवरची समजूत होती. पण बाहेरून आलेला नायट्रोजन थोड्याच दिवसांत शरीरातल्या प्रथिनांत मिसळलेला आढळला. वजन बदलत नव्हते, तरी आतला माल सतत बदलत होता. आज आपल्याला याचा ढोबळ अंदाज सांगता येतो. प्रौढ माणूस आहारातून दिवसाला साधारण साठ-सत्तर ग्रॅम प्रथिने घेतो, पण त्याचे शरीर रोज दोनशे ते तीनशे ग्रॅम प्रथिने नव्याने बांधते. उरलेला कच्चा माल येतो तो जुनी प्रथिने मोडून.

हे मोडणे मुख्यतः दोन मार्गांनी होते. पहिल्या मार्गात एकेका प्रथिनावर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची खूण बसते आणि प्रोटिएसोम हे यंत्र ते प्रथिन तोडून टाकते. या शोधाला २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण प्रोटिएसोमला सुटे प्रथिन चालते, मोठी वस्तू चालत नाही. गुठळी झालेली प्रथिने, निकामी मायटोकाँड्रिया, पेशीत शिरलेला जिवाणू, यांच्यासाठी दुसरा मार्ग लागतो, आणि तोच ऑटोफॅजीचा.

या मार्गाचे शेवटचे ठिकाण आधी सापडले. बेल्जियममधील शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द ड्यूव्ह यकृताच्या पेशी फोडून, त्यांतील घटक अपकेंद्री यंत्राने वेगळे करत होते. त्यांचा मूळ विषय होता इन्सुलिन. त्या कामात एका विकराच्या वागण्यातल्या विसंगतीने त्यांचे लक्ष वेधले आणि त्यातून १९५५ मध्ये पाचक विकरांनी भरलेली, पटलाने वेढलेली एक नवी पेशीघटिका जगासमोर आली. तिला त्यांनी लायसोसोम हे नाव दिले. याच सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्यांना काही पिशव्यांमध्ये पेशीचेच तुकडे, कधी अख्खे मायटोकाँड्रिया, अर्धवट पचलेल्या अवस्थेत दिसू लागले होते. १९६३ मध्ये द ड्यूव्ह यांनी या घटनेला ऑटोफॅजी म्हटले. १९७४ मध्ये त्यांना नोबेलही मिळाले. तरीही १९६३ नंतरची जवळजवळ तीस वर्षे हा विषय फारसा पुढे सरकला नाही. पिशव्या दिसत होत्या, पण त्या बनवणारी जनुके ठाऊक नव्हती. आणि जनुक हाती नसेल तर एखादी क्रिया बंद पाडून तिचे काम काय ते तपासता येत नाही.

ही कोंडी फोडली योशिनोरी ओसुमी यांनी. १९८८ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, टोकियो विद्यापीठात त्यांना स्वतःची छोटी प्रयोगशाळा मिळाली. त्यांनी निवडलेला विषय होता यीस्टच्या पेशीतली रिक्तिका. यीस्टमध्ये लायसोसोमचे काम ही रिक्तिका करते, पण त्या काळी तिच्याकडे टाकाऊ पदार्थांची जागा म्हणून पाहिले जात असे आणि तिच्यावर काम करणारे थोडे होते. ओसुमींनी विचार केला की रिक्तिकेत पेशीचे अंश येऊन पचत असतील तर पचनाची क्रियाच रोखून धरावी, म्हणजे आलेला माल साचेल आणि दिसेल. त्यांनी पाचक विकरे नसलेले यीस्ट घेतले, त्याची उपासमार केली आणि साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. काही तासांतच रिक्तिका इकडेतिकडे हलणाऱ्या बारीक गोलकांनी भरून गेलेल्या दिसल्या. हे निरीक्षण १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले.

वाचकांनी या प्रयोगापाशी थोडे थांबावे, अशी माझी विनंती आहे. यात महागडे उपकरण नव्हते. होता तो एक नेमका प्रश्न आणि तो विचारण्यासाठी निवडलेला योग्य जीव. पुढचे पाऊलही तितकेच साधे होते. हजारो उत्परिवर्तित यीस्ट तपासून, ज्यांच्या रिक्तिकेत हे गोलक साचतच नाहीत असे प्रकार शोधायचे. जे साचवू शकत नाहीत, त्यांच्यात ऑटोफॅजीचे एखादे जनुक बिघडलेले असणार. १९९३ मध्ये मिकी त्सुकादा आणि ओसुमी यांनी अशा पंधरा जनुकांची ओळख पटवली. जर्मनी आणि अमेरिकेतील गट वेगळ्या वाटांनी त्याच जनुकांपाशी येत होते. प्रत्येकाने वेगळी नावे दिल्याने गोंधळ होऊ लागला, तेव्हा २००३ मध्ये सर्वांनी मिळून ‘एटीजी’ हे एकच नाव स्वीकारले. आज कोणताही लेख उघडलात की एटीजी५, एटीजी७, एटीजी९ अशी नावे भेटतील. ती पाहून बिचकू नका. हे केवळ क्रमांक आहेत. २०१६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल ओसुमींना एकट्याला मिळाले, ते या यंत्रणेच्या शोधासाठी.

ती यंत्रणा थोडक्यात अशी. पेशीत अन्नद्रव्ये मुबलक असतात तेव्हा टॉर नावाचे प्रथिन ऑटोफॅजीला रोखून धरते. अन्न आटले की टॉरची पकड सुटते आणि एटीजी प्रथिनांचा एक समूह पेशीद्रवात एका जागी गोळा होतो. तेथे एक कपासारखे पटल उगवते, वाढत जाते, पेशीचा काही भाग कवेत घेते आणि कडा जुळून बंद होते. अशी दुहेरी पटलाची पिशवी तयार झाली की तिला ऑटोफॅगोसोम म्हणतात. ती लायसोसोमशी एकरूप होते, आतला माल पचतो आणि सुटे झालेले अमिनो आम्ल, मेद, शर्करा पुन्हा पेशीद्रवात परततात. या सगळ्यातले विशेष असे की ही पिशवी आधीपासून तयार नसते. गरज पडली की ती नव्याने घडवली जाते आणि काम संपले की तीही नाहीशी होते.

मग हे पटल येते कुठून, हा प्रश्न साहजिकच पडतो. तो अनेक वर्षे वादाचा होता आणि अलीकडच्या संशोधनाची गोडी येथेच चाखायला मिळते. २०१९ मध्ये काही गटांनी दाखवले की एटीजी२ हे लांबट, दांड्यासारखे प्रथिन अंतर्द्रव्यजालिका आणि वाढते पटल यांच्यामध्ये बसते आणि मेदरेणू एकीकडून दुसरीकडे वाहून नेते. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की यीस्टमध्ये ही पिशवी जिथे उगवते, ती जागा म्हणजे एटीजी प्रथिनांचा द्रवरूप थेंब आहे. भोवती पटल नसताना, केवळ परस्पर आकर्षणाने प्रथिने थेंबासारखी एकत्र येतात, ही कल्पना गेल्या दीड दशकात सबंध पेशीविज्ञानात रुजली आहे. म्हणजे ऑटोफॅजीच्या वाटेने गेलात तरी तुम्ही आजच्या पेशीविज्ञानाच्या मध्यभागी पोहोचता.

या क्रियेचे मोल किती, हे उंदरांनी शिकवले. एटीजी५ जनुक नसलेली पिल्ले जन्मताना जवळजवळ निरोगी दिसतात, पण एका दिवसाच्या आत मरतात. जन्मताक्षणी नाळेतून येणारे पोषण तुटते आणि दूध पुरेसे मिळेपर्यंत काही तासांची उपासमार होते. त्या तासांत पिल्लाच्या पेशी स्वतःची प्रथिने मोडून निभावून नेतात, असे नोबोरू मिझुशिमा यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले. दोन वर्षांनी त्यांच्या आणि मासाआकी कोमात्सु यांच्या गटाने केवळ चेतापेशींतली ऑटोफॅजी बंद केली. या उंदरांना खायला भरपूर होते. तरीही त्यांच्या चेतापेशींत प्रथिनांच्या गुठळ्या साचल्या आणि त्या पेशी मरू लागल्या. ऑटोफॅजी उपासमारीत कामी येते हे खरे, पण भरल्या पोटीही तिचे रोजचे काम असते, हे या प्रयोगांनी पक्के केले. चेतापेशी सहसा विभागत नाहीत. साचलेला भार वाटून टाकण्याची सोय त्यांच्याकडे नाही. म्हणून त्यांना हे काम टाळता येत नाही.

हे काम निवडकही असते. पार्किन आणि पिंक१ या दोन जनुकांतील दोषांमुळे तरुण वयात पार्किन्सनचा आजार होतो, हे आधी कळले होते. का होतो, हे कळत नव्हते. २००८ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड यूल यांच्या गटाने पाहिले की पार्किन हे प्रथिन नेमके बिघडलेल्या मायटोकाँड्रियांवर जाऊन बसते. पुढे चित्र पुरे झाले. निरोगी मायटोकाँड्रियात पिंक१ आत ओढले जाते आणि मोडले जाते. बिघाड झाला की ते बाहेरच्या पटलावर साचते, पार्किनला बोलावते आणि दोघे मिळून युबिक्विटिनच्या खुणा उमटवतात. त्या खुणा पाहून ऑटोफॅजी नेमका तोच मायटोकाँड्रियन उचलते. मानवी पिंक१ मायटोकाँड्रियाच्या पटलावर कसे बसते, याची तपशीलवार रचना २०२५ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी प्रसिद्ध केली. औषध शोधणाऱ्यांना अशा रचनेची वाट होती.

आता हा विषय कसा वाचावा, याबद्दल थोडे. नव्या वाचकांनी तीन प्रश्न हाताशी ठेवावेत.

पहिला प्रश्न : मोजले काय? बहुतेक प्रयोगांत पेशीतले ऑटोफॅगोसोम मोजतात. ते वाढलेले दिसले की ऑटोफॅजी वाढली, असे लिहिण्याचा मोह होतो. पण टोलनाक्यावर गाड्यांची लांब रांग दिसली तर रहदारी वाढली असेल किंवा नाका बंद पडला असेल. एका छायाचित्रावरून ते सांगता येत नाही. त्याचप्रमाणे ऑटोफॅगोसोम जास्त बनत असल्यामुळेही वाढतात आणि लायसोसोम काम करत नसल्यामुळेही साचतात. म्हणून चांगले संशोधक शेवटची पायरी मुद्दाम रोखून साठा किती वाढतो ते पाहतात आणि त्यावरून प्रवाहाचा वेग काढतात. या मोजमापाचे नियम ठरवण्यासाठी जगभरातील हजाराहून अधिक संशोधक एकत्र येतात आणि त्यांची मार्गदर्शक नियमावली २००८ पासून पुन्हा पुन्हा सुधारून प्रसिद्ध होत आली आहे. एखाद्या क्षेत्राने आपल्याच मापनपद्धतीवर इतकी कडक नजर ठेवावी, ही गोष्ट मला अभिमानाची वाटते.

दुसरा प्रश्न : कोणत्या जीवात, कोणत्या ऊतीत? उपवासाच्या दाव्यांपाशी हा प्रश्न फार उपयोगी पडतो. उंदराला चोवीस तास उपाशी ठेवले तर यकृतात आणि स्नायूत ऑटोफॅजी स्पष्ट वाढते. त्याच सुरुवातीच्या प्रयोगांत मेंदूत मात्र ती वाढलेली दिसली नाही. उंदराचा चयापचय आपल्यापेक्षा कितीतरी वेगवान असतो, तेव्हा त्याचे तास माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. शिवाय जिवंत माणसाच्या यकृतात किंवा मेंदूत हा प्रवाह थेट मोजण्याची सोपी रीत आज नाही. एकादशी श्रद्धेने करावी, आहार वैद्यकीय सल्ल्याने ठरवावा. ‘इतक्या तासांनी ऑटोफॅजी सुरू होते’ असा आकडा मात्र या संशोधनाने दिलेला नाही. ओसुमींचा प्रयोग यीस्टवर होता आणि नोबेल यंत्रणेच्या शोधासाठी होते.

तिसरा प्रश्न : कोणासाठी चांगले, आणि केव्हा? बेथ लेव्हिन यांनी १९९९ मध्ये दाखवले की बेक्लिन-१ हे ऑटोफॅजीचे जनुक गाठींची वाढ रोखते. पण एकदा गाठ रुजली की तिच्यातल्या पेशी, रक्तपुरवठा अपुरा असताना, याच ऑटोफॅजीच्या आधाराने तगून राहतात. म्हणून कर्करोगाच्या काही चाचण्यांत ऑटोफॅजी वाढवण्याऐवजी ती रोखणारी औषधे वापरून पाहिली जातात. क्षयरोगाची कथाही अशीच सावध करणारी आहे. २००४ मध्ये दिसले की ऑटोफॅजी जागी केली तर भक्षक पेशी क्षयाच्या जिवाणूला मारू शकतात. २०१५ मध्ये उंदरांवरील अभ्यासाने सांगितले की एटीजी५ चे संरक्षण ऑटोफॅजीहून वेगळ्या मार्गाने होते आणि इतर एटीजी जनुकांची तिथे तितकी गरज नाही. २०२३ मध्ये मानवी भक्षक पेशींत एटीजी७ आणि एटीजी१४ जिवाणूला आवर घालतात, असे पुढे आले. क्षयाचा मोठा भार वाहणाऱ्या आपल्या देशात हा वाद केवळ प्रयोगशाळेपुरता राहत नाही. वाचकांनी अशा उलटसुलट निष्कर्षांना गोंधळ समजू नये. प्रश्न अधिक बारीक होत जातो, तेव्हा उत्तरेही बदलतात.

माणसांत ऑटोफॅजीचे एखादे जनुकच बिघडलेले असेल तर काय होते, याचेही उत्तर आता मिळाले आहे. २०२१ मध्ये ब्रिटिश संशोधकांच्या पुढाकाराने पाच कुटुंबांतील बारा व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या एटीजी७ मध्ये दोष होता आणि ऑटोफॅजी अत्यंत मंद किंवा नाहीशी झाली होती. त्यांना चालण्या-बोलण्याचे, तोल सांभाळण्याचे गंभीर त्रास होते, मात्र ते जगत होते. उंदराच्या पिल्लांवरून बांधलेला अंदाज माणसाला पूर्णपणे लागू पडला नाही. ऑटोफॅजीवाचून या माणसांच्या पेशी कशा निभावतात, हा प्रश्न उघडा आहे आणि आज शाळेत असलेल्या कुणाला तो सोडवता येईल.

या कथेत भारतीय धागाही आहे. टॉर हे नाव ज्या रॅपामायसिन औषधावरून पडले, ते ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूतून १९७० च्या दशकात मॉन्ट्रियल येथे वेगळे केले गेले, आणि त्या कामाचे नेतृत्व भारतीय वंशाचे सुरेंद्रनाथ सेहगल यांनी केले. आज बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड सायंटिफिक रिसर्चमध्ये यीस्टपासून औषधी रेणूंपर्यंत ऑटोफॅजीचे काम चालते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत फळमाशीच्या आधाराने तिचा अभ्यास होतो. मराठी विद्यार्थ्यांना हे क्षेत्र दूरचे वाटण्याचे कारण नाही.

शेवटी वाचनाच्या क्रमाबद्दल. पाठ्यपुस्तकातील लायसोसोम आणि मायटोकाँड्रियाची प्रकरणे आधी चाळा, म्हणजे नावे ओळखीची होतील. नंतर ओसुमींचे नोबेल व्याख्यान ऐका. ते नोबेल प्रतिष्ठानाच्या संकेतस्थळावर आहे. त्यानंतर एखादा आढावा-लेख घ्या आणि वर सांगितलेले तीन प्रश्न हाती ठेवून तो वाचा. प्रत्येक एटीजी क्रमांक लक्षात राहिला नाही तरी हरकत नाही. कोणते प्रथिन काढले आणि काय बिघडले, एवढे लक्षात ठेवलेत तरी पुरे. शिक्षकांना मुद्दाम सांगावेसे वाटते की चांगला प्रयोग कसा आखतात, हे वर्गात शिकवायला १९९२ च्या त्या यीस्टच्या निबंधासारखे उदाहरण क्वचित मिळेल. तो निबंध आज कोणालाही मोफत वाचता येतो. सुरुवात तिथून करा.